सायकल घेतली, आता ती मुलीच्या मापाची करा

जून महिना आला की सोलापुरातल्या सायकलच्या दुकानांत गर्दी होते. कुणाची मुलगी आठवीला गेलेली असते, कुणाची शाळा बदललेली असते, कुणी ईदीचे पैसे जपून ठेवलेले असतात. शेअर रिक्षाचे महिन्याचे भाडे जोडून पाहिले की सायकल परवडते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पटते. सायकल घरी येते. पहिला आठवडा तिच्यावरून भावंडांची भांडणे होतात. आणि दिवाळीच्या सुटीनंतर तीच सायकल जिन्याखाली धूळ खात उभी दिसते. मुलगी पुन्हा रिक्षात, नाहीतर पायी, आणि काही घरांत तर शाळेलाच दांडी.

शाळेत शिकवताना आम्ही हे दरवर्षी पाहतो. पालकांना विचारले की उत्तर मिळते, "तिला आवडच नाही." मुलींना विचारले की वेगळे निघते. सीट उंच आहे, पाय टेकत नाहीत. ओढणी एकदा चाकात गेली, तेव्हापासून भीती बसली. ब्रेक दाबायला हात पुरत नाही. दप्तर कॅरिअरवरून घसरते. आठवीतल्या एका मुलीने आमच्याच बोलीत एका वाक्यात सांगून टाकले, "मिस, वो सायकल भाईजान की है, मेरी नै." सायकल तिच्यासाठीच घेतली होती, पण पसंत केली होती भावाने.

या तक्रारींपैकी एकही अशी नाही की जिच्यासाठी नवी सायकल घ्यावी लागेल. एखादा नट ढिला करून पुन्हा आवळणे, एखादा सुटा भाग बदलणे, एखादी जाळी बसवणे, एवढ्यावर काम भागते. म्हणून या लेखात आम्ही सायकलीच्या कंपन्यांविषयी बोलणार नाही. सायकल चालवणारीच्या मापाची कशी करायची, कोणता भाग का निवडायचा आणि तो कसा बसवायचा, एवढेच सांगणार आहोत.

माप कोणाचे?

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मागोमाग इतर गिरण्या उभ्या राहिल्या. भोंगा झाला की कामगारांच्या काळ्या सायकली रस्त्यावर यायच्या. २८ इंची चाके, मधे आडवा दांडा, सळईचे ब्रेक, मागे भक्कम कॅरिअर. त्या सायकलीने आपल्या कित्येक घरांत भाकरी आणली आहे. पण ती बनली होती पाच-साडेपाच फुटी पुरुषाच्या मापाने आणि पायजमा किंवा विजार घालणाऱ्यासाठी. आज काळी सायकल कमी झाली, तरी सायकल घेताना आपल्या डोळ्यांसमोर माप मात्र त्याच माणसाचे असते.

त्यात भर पडते ती काटकसरीची. गणवेश जसा पुढच्या वर्षीही यावा म्हणून मोठा घेतात, तशी सायकलही मोठी घेतली जाते. "पुढल्या वर्षी उंच होईलच की." गणवेश ढगळ असला तर बिघडत नाही. सायकल मोठी असली तर मुलगी सिग्नलला पाय टेकवू शकत नाही, आणि सात रस्त्यासारख्या चौकात पाय न टेकणे म्हणजे पडणे.

दुकानात गेल्यावर मुलीला सोबत न्यावे. आडव्या दांड्याची सायकल असेल तर तिला दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे करावे. दांडा आणि शरीर यांच्यात निदान एक-दोन इंच जागा राहिली पाहिजे. सलवार, बुरखा किंवा साडी नेसून चालवायची असेल तर खाली झुकलेल्या दांड्याची, म्हणजे लेडीज फ्रेमची सायकल बरी. चढता-उतरताना पाय मागून फिरवून टाकावा लागत नाही, आणि अचानक थांबावे लागले तर पटकन खाली उतरता येते.

गिअर की चेनकव्हर?

मुलांचा हट्ट गिअरचा असतो, जाड टायरचा असतो, पुढे शॉकअप हवे असते. हौसेला आमचा विरोध नाही. पण शाळेच्या सायकलीसाठी एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. मागच्या चाकाजवळ चेन एका दातेरी चकतीवरून दुसऱ्या चकतीवर उडी मारते, ते नेहमीचे गिअर. अशा सायकलीला चेन पूर्ण झाकणारे कव्हर बसवता येत नाही. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे निवड करावीच लागते.

सोलापूर शहर बहुतांशी सपाट आहे. नई जिंदगीकडून विजापूर वेशीकडे येताना किंवा होटगी रोडने शहरात शिरताना एका गिअरवर काम भागते. सलवारचा पायचा, बुरख्याचा घेर, शाळेच्या पांढऱ्या गणवेशाला लागणारे काळे ग्रीस, या सगळ्यांवर पूर्ण चेनकव्हर हा एकच इलाज आहे. धूळ आणि पावसाचे पाणी आत जात नाही म्हणून चेनही जास्त टिकते. गिअरची सायकल आधीच घरात असेल तर निदान पुढच्या दातेरी चक्राला बाहेरून बसणारी गोल प्लास्टिकची चकती लावून घ्यावी आणि पायचा रबराने किंवा पट्टीने बांधायची सवय लावावी.

स्वस्त सायकलीचे शॉकअप सायकलीचे वजन वाढवते, आणि ते वजन मुलीलाच ओढावे लागते. त्याच पैशांत चांगली सीट, चांगले ब्रेक रबर, दिवा आणि कुलूप येते.

सीट आणि हँडल

सीट बसवणे हे सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम. सीटखालची नळी फ्रेममध्ये जिथे शिरते तिथे एक नट असतो. तो पान्याने ढिला केला की सीट वर-खाली होते.

नुकतीच शिकणारी मुलगी असेल तर सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. पडण्याची भीती जाईपर्यंत हेच माप ठेवावे. पुढे सराव झाला की सीट वर घ्यावी. तेव्हा मापाची खूण अशी: पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. फार वर असेल तर कंबर दोन्ही बाजूंना हलते. बऱ्याच मुली "पाय दुखतात" म्हणतात, त्यांतल्या अनेकींचे दुखणे दोन इंच सीट वर घेतली की थांबते.

एक काळजी मात्र घ्यायची. सीटच्या नळीवर एक आडवी रेघ कोरलेली असते. ती रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. रेघ नसेल तर नळीचा निदान अडीच इंच भाग आत राहिला पाहिजे, नाहीतर वजनाने नळी वाकते किंवा फ्रेमला चीर जाते. हँडलच्या नळीलाही हाच नियम लागू. नट आवळून झाल्यावर पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल फिरवून पाहावे. चाक जागेवर आणि हँडल मात्र फिरते, असे झाले तर अजून आवळायला हवे.

ओढणी, बुरखा आणि मागचे चाक

ही बाब आपल्या घरांसाठी सगळ्यांत महत्त्वाची. ओढणी किंवा बुरख्याचा घेर मागच्या चाकात गेला तर कापड आरांत गुंडाळले जाते आणि चालवणारी मागे खेचली जाते. गळ्याभोवती ओढणी असेल तर ते जिवावर बेतू शकते. या भीतीने सायकल बंद करण्यापेक्षा चाक झाकणे केव्हाही सोपे.

त्यासाठी ड्रेसगार्ड मिळते. मागच्या चाकाचा वरचा अर्धा भाग दोन्ही बाजूंनी झाकणारी ती जाळी किंवा प्लास्टिकची पाकळी असते. काही लेडीज सायकलींना ती कंपनीतूनच येते. पण अनेकदा ती एकाच बाजूला असते, किंवा पुढे दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवली जाते आणि परत लागतच नाही. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तिथल्या रोजच्या वापराच्या सायकलींना लांब कोट आणि झगे चाकात जाऊ नयेत म्हणून अशीच झाकणे असतात. म्हणजे लांब वस्त्र आणि सायकल हा काही आपल्याच घरातला प्रश्न नाही. जगात तो सुटलेला आहे.

तयार ड्रेसगार्ड मिळाले नाही तर घरी करता येते. हार्डवेअरच्या दुकानात बारीक भोकांची कडक प्लास्टिक जाळी मिळते. कागदावर पंख्याच्या आकाराचा साचा काढावा: खालचे टोक चाकाच्या मधल्या नटाजवळ, वरची कड मडगार्डला लागून. तसे दोन तुकडे कापावेत. मडगार्डच्या कडेला भोके पाडून आणि चाकामागच्या दांड्यांना प्लास्टिकच्या टायने जाळी घट्ट बांधावी. मग चाक हाताने जोरात फिरवून पाहावे. कुठेही घासल्याचा आवाज येता कामा नये. टायची उरलेली टोके कापून टाकावीत, नाहीतर तीच कापडाला अडकतात.

जाळी लावली तरी ओढणीची दोन्ही टोके मागे कमरेला गाठ मारून किंवा कुर्त्यात खोचून मगच सायकलवर बसायचे, हा नियम पाळावाच. बुरख्याचा घेर पुढे घेऊन मांडीखाली दाबता येतो किंवा साध्या क्लिपने आवरता येतो.

मागे कॅरिअरवर बसणाऱ्या लहान भावंडाचा विचारही इथेच करावा. लहान मुलाची टाच फिरत्या चाकात जाणे ही नेहमी घडणारी दुखापत आहे, आणि ती बरी व्हायला वेळ लागतो. दोन्ही बाजूंनी झाकलेले चाक आणि पाय ठेवायला मागच्या चाकाजवळ बसवलेले पायदान, या दोन गोष्टी असल्याशिवाय लहानग्याला मागे बसवू नये.

ब्रेक: हाताच्या मापाने

ब्रेक लागतो का हे सगळे बघतात. तो या मुलीच्या हाताने लागतो का, हे फारसे कुणी बघत नाही. लहान हाताला ब्रेकची मूठ लांब पडते. बऱ्याच मुठींमध्ये एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की मूठ हँडलच्या जवळ येते. तो नसेल तर दुकानातून लहान मापाची मूठ मागून घ्यावी. पूर्ण दाबल्यावर मूठ आणि हँडल यांच्यात निदान दोन बोटांची जागा उरली पाहिजे. मूठ हँडलला टेकत असेल तर तार ढिली आहे. तारेच्या तोंडाशी असलेला दाणेदार नट हाताने उलटा फिरवला की थोडी ढिलाई निघते. त्यापेक्षा जास्त असेल तर तार ओढून नट पुन्हा आवळावा लागतो.

ब्रेकचे रबर बदलताना तीन गोष्टी पाहाव्यात. रबर रिमलाच लागले पाहिजे. टायरला लागले तर टायर फाटतो आणि खाली घसरले तर आरांत जाते. दोन्ही बाजूंची रबरे रिमपासून सारख्या अंतरावर, साधारण दोन मिलिमीटरवर असावीत. आणि रबर धरणाऱ्या लोखंडी खोबणीचे एक तोंड बंद, एक उघडे असेल तर बंद तोंड चाक फिरण्याच्या दिशेला, म्हणजे पुढे आले पाहिजे. ते उलटे बसले तर जोरात ब्रेक लावताच रबर खोबणीतून निसटून बाहेर पडते, आणि ब्रेक नेमका गरजेच्या वेळी जातो.

काही मुले "पुढचा ब्रेक लावला की सायकल उलटते" म्हणून तो काढून टाकतात. हे धोक्याचे आहे. ब्रेक लावताच वजन पुढे सरकते, त्यामुळे सायकल थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढत्या जोराने दाबायचे, हे मोकळ्या मैदानात शिकवावे. पावसात रिम ओली असते, तेव्हा थांबायला जास्त अंतर लागते. जड वाहनांच्या रस्त्यावर जाण्यापूर्वी मुलीला हे ठाऊक असायला हवे.

टायरवरचे गणित

गणितात दीड आणि १.५ एकच. सायकलच्या टायरवर मात्र ते एक नाहीत. हा फरक माहीत नसल्याने किती घरांत न बसणारे टायर-ट्यूब आले असतील!

टायरवर २६ × १ ३/८ असा अपूर्णांक लिहिलेला असतो, किंवा २६ × १.९५ असा दशांश. दोन्हींना दुकानात "सव्वीसचा टायर" म्हणतात. पण पहिल्याच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर असतो आणि दुसऱ्याच्या रिमचा ५५९. तब्बल ३१ मिलिमीटरचा फरक, त्यामुळे एक टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ हा टायर तर ६३५ मिलिमीटरच्या रिमचा. म्हणून टायर घेताना नुसता "सव्वीसचा" म्हणू नये. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३७-५९० असा जोडअंक असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचे माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तो वहीत लिहून घ्यावा किंवा मोबाइलवर फोटो काढून दुकानात दाखवावा. शिक्षक-पालकांना विनंती, अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर द्या. मुले विसरत नाहीत.

सोलापुरात टायरचे दोन शत्रू. एक वेडी बाभूळ. हद्दवाढ भागात, नाल्यांच्या आणि मोकळ्या जागांच्या कडेने तिचे काटे सगळीकडे पसरलेले असतात. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवून काटा शोधून काढलाच पाहिजे. ट्यूब नवी आणि काटा जुना, असे झाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर. जुन्या ट्यूबची उभी पट्टी कापून टायर आणि ट्यूब यांच्या मधे घालण्याची आपल्याकडची युक्ती लहान काट्यांना उपयोगी पडते.

दुसरा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सायकल दिवसभर उन्हात राहिली की रबर लवकर कडक होते. रोज थोडी थोडी हवा जाते आणि पंक्चर मात्र सापडत नाही, अशा वेळी आधी व्हॉल्व्ह पाहावा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी असते, तिला व्हॉल ट्यूब म्हणतात. व्हॉल्व्हच्या तोंडावर ओले बोट लावावे. बुडबुडा आला तर ती नळी बदलायची. काम दोन मिनिटांचे. टायर दाबून अंगठा सहज आत जात असेल तर हवा कमी आहे, आणि कमी हवेची सायकल ओढायला जड जाते. मुली "सायकल जड आहे" म्हणतात तेव्हा पुष्कळदा तिच्यात हवा नसते.

दप्तर, दिवा, स्टँड

दप्तर पाठीवर घेऊन सायकल चालवली की उन्हात पाठ भिजते आणि तोल वर जातो. पुढच्या टोपलीत पाण्याची बाटली आणि डबा ठीक. जड पुस्तके तिथे ठेवली तर हँडल एका बाजूला ओढते. जड वजनाची जागा मागच्या कॅरिअरवर. कॅरिअर घेताना त्याचे पाय मागच्या चाकाच्या नटाला किंवा फ्रेमवरच्या भोकांना पक्के बसतात का पाहावे. नुसत्या सीटच्या नळीला लटकणारे कॅरिअर दप्तरासाठी घेऊ नये. दप्तर दोन आकड्यांच्या रबरी पट्ट्यांनी बांधावे आणि दप्तराचे पट्टे आत दुमडावेत, तेही चाकात जातात.

मागे वजन असले की बाजूचा एकपायी स्टँड कलतो आणि सायकल पडते. म्हणून कॅरिअर वापरणाऱ्यांनी दोन पायांचा स्टँड लावावा.

दुपारच्या सत्राची शाळा सुटते तेव्हा डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर, आरांत आणि पॅडलवर पिवळे रिफ्लेक्टर, हे सगळे लावायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो. मागचा दिवा बुरख्याने किंवा दप्तराने झाकला जाणार नाही अशा जागी, म्हणजे कॅरिअरच्या शेवटी लावावा. काळा बुरखा अंधारात दिसत नाही. दप्तरावर चमकणाऱ्या पट्टीचा एक तुकडा शिवला तर मागच्या वाहनाला मुलगी लांबून दिसते.

पाना मुलीच्या हातात

घरात एक डबल पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, हवा भरायचा पंप, तेलाची छोटी बाटली आणि पंक्चरचे सामान एवढे असावे. आणि ते वापरायला मुलीने शिकावे. भावाने करून देणे चांगलेच; पण भाऊ शाळेच्या रस्त्यावर सोबत नसतो.

काही गोष्टी पाठच कराव्यात. डावे पॅडल उलट्या आट्यांचे असते. ते पुढच्या बाजूला, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की आवळले जाते. पॅडलवर इंग्रजी एल आणि आर कोरलेले असते. उजवे डावीकडे जबरदस्तीने बसवले तर क्रँकच्या आट्या जातात आणि क्रँकच बदलावा लागतो. चेन मधोमध धरून वर-खाली हलवली तर साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलावी. जास्त हलत असेल तर मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक सरळ मागे ओढायचे, आणि दोन्ही बाजूंचे अंतर सारखे ठेवून नट आवळायचे. पॅडल मारताना प्रत्येक फेरीला कट कट असा आवाज येऊ लागला तर क्रँकची कॉटर पिन ढिली झाली आहे. ते काम दुकानातच करावे. चाक वेडेवाकडे फिरत असेल तर त्याचा आऊट काढणेही मिस्त्रीचेच काम. नवी सायकल महिनाभर चालवल्यावर एकदा दुकानात नेऊन सगळे नट आणि आरे तपासून घ्यावेत, कारण सुरुवातीला सगळेच थोडे ढिले होते.

दुकानात मुलीला सोबत न्यावे आणि तिलाच बोलू द्यावे. आमच्या शहरात मिस्त्री मराठी बोलतो, दखनी बोलतो, तेलुगू किंवा कन्नडही बोलतो. पण छर्रे, कोन, कॉटर, फ्रीव्हील, वायसर हे शब्द सगळ्यांचे एकच. "चाचा, पिछले चाक का छर्रा गया है क्या, देखो" असे मुलीने म्हटले की समोरचा माणूस तिच्याशी नीट बोलतो आणि बदललेला भाग हातात दाखवतो. भागाचे नाव माहीत असणे ही फसवणुकीपासूनची पहिली राखण.

सायकलीने काय होते

एवढी खटपट कशासाठी, असे कुणी विचारील. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना दिसले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात निवडक मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत दिली जाते.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला रानी चुंकत यांनी सायकल शिकणे हा त्या मोहिमेचाच भाग केला. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले. त्यांच्या लेखनात जमीला बीबी ही मुस्लिम तरुणी भेटते. लोक बोलले तरी तिने लक्ष दिले नाही, आणि बसची वाट पाहणे तिच्यापुरते संपले. तिथे लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या आणि मधल्या दांड्यावर लेकराला बसवले. सायकल आपल्या कामाला कशी लावायची, हे चालवणारीनेच ठरवले.

सौदी अरेबियातल्या दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांचा २०१२ चा 'वजदा' हा चित्रपट अशाच एका मुलीचा आहे. हिरव्या सायकलीचे पैसे जमवण्यासाठी ती शाळेच्या कुराण पठणाच्या स्पर्धेत उतरते. पुढच्याच वर्षी त्या देशात स्त्रियांना काही अटींवर सायकल चालवण्याची मुभा मिळाली. आपल्या मुलींना अशी परवानगी कुणाकडे मागावी लागत नाही. त्यांना हवी आहे ती पाय टेकणारी सीट, झाकलेले चाक आणि हाताला लागणारा ब्रेक.

तेव्हा येत्या रविवारी जिन्याखालची सायकल बाहेर काढावी. आधी हवा भरावी. मग मुलीला सीटवर बसवून पाय टेकतात का पाहावे, ब्रेकची मूठ तिच्या बोटांनी दाबून घ्यावी, आणि मागच्या चाकावर जाळी आहे की नाही ते बघावे. काय काय लागेल त्याची यादी तिच्याकडूनच लिहून घ्यावी आणि दुकानात तिलाच पुढे करावे. नट आवळायची वेळ आली की पानाही तिच्याच हातात द्यावा.